पान एकशे पस्तीस

सोमवार, ५ फेब्रुवारी

पुस्तक मिळालं एकदाचं. शाळेपासूनची मैत्रीण रेस्टी डिसेंबरपासून मागे लागली होती. रेडिओवर स्कोलाची मुलाखत झाली त्या दिवसापासून तिचं एकच पालुपद, "आपल्या स्कोलाचं पुस्तक आण, लिओ, आणि मला वाचून दाखव." नव्या पुस्तकाची गोष्टच सोडा. मॉलमधल्या दुकानात ते काचेआड ठेवलेलं असतं, मी काचेवर नाक लावून बघून आले होते.

जुन्या टॅक्सी स्टँडच्या उतारावर प्लास्टिक अंथरून बसणाऱ्या लुतालोने ते माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. विलायतेहून जुन्या पुस्तकांची खोकी येतात, त्यात आलं म्हणाला.

"बाई, हे बघा! अंगात कोट घातलाय त्याने. माझी बाकीची लेकरं उघडीच हिंडतात."

"कोटाचे पैसे वेगळे लावू नकोस म्हणजे झालं."

"तुम्ही माझ्या थोरल्याला शिकवलंत. कोट फुकट. पुस्तकाचं बोला."

जाड पुठ्ठ्याची बांधणी, वर कागदी वेष्टन, तोच त्याचा कोट, आत शिवलेली पानं. आत इंग्लंडमधल्या कुठल्याशा गावच्या वाचनालयाचा शिक्का आणि त्यावर आडवा 'रद्द'. तारखांच्या चिठ्ठीवर फक्त दोन तारखा. टेकडीवरच्या सेंट वॉलबर्गा शाळेतल्या आम्हा मुलींची गोष्ट तिकडे दोघांनीच वाचली आणि मग ती आमच्याकडे परत आली. नाव 'घंटेनंतरच्या मुली'. मागे स्कोलाचा फोटो. केस पांढरे झालेत, पण कपाळ तेच. नऊ वर्षांची होती तेव्हा, आमच्या मोठ्या मुलींच्या खोलीत सगळ्यात धाकटी. सारखी नाक ओढायची. आता तिला जगभरातून बक्षिसं मिळतात.

मी पानं नाकाशी धरली. सिस्टरांच्या कपाटाचा वास आला. खरंच आला.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

रेस्टीकडे पहिलं वाचन. तिने मशीन झाकून ठेवलं होतं. तसंही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून ती फक्त सरळ शिवण मारते, गळे आणि बाह्या शेजारणीकडे देते. सहा मार्चला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. म्हणजे पुस्तक संपवायला बरोबर चार आठवडे.

अंगणात चटई टाकून बसलो. केळीच्या पानांत उकडलेल्या कच्च्या केळ्यांचं मातोके होतं आणि शेंगदाण्याचा रस्सा. मी वाचायला लागले आणि पहिल्याच पानावर आमची घंटा, आमचा हौद, सिस्टर कोलंबाच्या बुटांची करकर! रेस्टी हसून हसून लोळली. एक उंच मुलगी आहे गोष्टीत, प्रार्थनेत मोठ्याने हसणारी. "ही मीच," ती म्हणाली. "आणि ही दुसरी, वह्यांना कव्हरं घालणारी, कोण असेल बरं?"

"मी असेन," म्हटलं.

"तूच. नाव बदललं म्हणून काय कव्हरं बदलतात?"

मग म्हणाली, स्कोला दोन वर्षांपूर्वी आली होती तेव्हा दिवसभर याच चटईवर बसली, दोनदा रस्सा वाढून घेतला आणि शाळेचंच विचारत राहिली. माझ्याकडेही यायला हवं होतं तिने. वेळ झाला नसेल.

रेस्टीची भाची माकी बँकेत आहे, इंग्रजी फाडफाड बोलते. ती म्हणाली, "आत्या, मी वाचून दाखवते की रोज संध्याकाळी. लिओमावशींना कशाला चढ चढायला लावतेस?" रेस्टीने तिला उडवून लावलं. "तू बातम्या वाचल्यासारखं वाचतेस. मला लिओच पाहिजे."

घरी येईपर्यंत मी ते वाक्य तोंडात लिमलेटच्या गोळीसारखं घोळवत होते.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

उद्याची तयारी म्हणून पुढचं चाळलं. पुढचं वाचायला नको होतं.

पान एकशे पस्तीस ते एकशे चाळीस. स्कोला जागी होती.

शनिवार, १० फेब्रुवारी

काल पुढे लिहवलं नाही. सिस्टर म्हणायच्या, वही ही परमेश्वराची खिडकी, तिला पडदा लावू नका. पन्नास वर्षं मी या एका ठिकाणी पडदा लावला आहे. आज काढते.

शाळेत आपली लुगांडा भाषा बोलायला बंदी होती. जी बोलताना सापडेल तिच्या गळ्यात लाकडी चकती. मग तिने दुसरीला पकडायचं आणि चकती तिच्या गळ्यात घालायची. शुक्रवारी संध्याकाळच्या हजेरीला चकती जिच्याकडे, तिचं नाव सिस्टर कोलंबाच्या काळ्या वहीत. त्या आठवड्यात अध्यापिका विद्यालयासाठी शाळेतून एकच नाव जायचं होतं. रेस्टी किंवा मी. रेस्टी माझ्याहून हुशार होती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

गुरुवारी मी विहिरीवर पाय घसरून पडले आणि "आई गं" म्हणाले. आपल्या भाषेत. तेवढंच. चकती माझ्या गळ्यात आली; मी ती झग्याच्या आत सारली, आणि एरवी ती इतके गळे बदलायची की शेवटी कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नसायचं. शुक्रवारी दिवसभर मी कुणीतरी चुकावं म्हणून कान टवकारून फिरले, पण त्या दिवशी साऱ्या जणी इंग्रजीच बोलत होत्या. संध्याकाळी सगळ्या रोझरीच्या प्रार्थनेला गेल्यावर मी खोलीत जाऊन चकती रेस्टीच्या उशीखाली ठेवली.

हजेरीला चकती कुणाकडेच निघेना. झडती झाली. रेस्टी म्हणाली, मला माहीत नाही. सिस्टरांच्या दृष्टीने लुगांडा बोलणं चूक होती, खोटं बोलणं पाप. तिला ट्रंक देऊन घरी पाठवलं. तिच्या वडिलांनी तिला परत पाठवलंच नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. मी अध्यापिका झाले. एकोणचाळीस वर्षं मी पोरांना शिकवलं आणि रेस्टीने त्यांचे गणवेश शिवले.

पलीकडच्या खाटेवर स्कोला तापाने पडली होती. मला वाटलं, झोपली आहे.

आज पाय मुरगळल्याचा निरोप पाठवला.

सोमवार, १२ फेब्रुवारी

गेले. एकशे चौतीसवरून तीन पानं बोटात धरून उलटली आणि एकशे एक्केचाळीसवर आले. तिथे नवा भाग सुरू होतो, ख्रिसमसच्या नाटकाचा. खपून गेलं असं वाटलं.

रेस्टीने हात पुढे केला. "बघू पुस्तक." मांडीवर घेऊन बोटांनी कडा चाचपली, वाचलेली बाजू आणि न वाचलेली बाजू, कापडाचा अंदाज घेते तशी.

"आज बरंच वाचून झालं की."

"सोपी पानं होती," मी म्हटलं.

"हो का."

बुधवार, १४ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. कपाळावर राख घेऊन फादरांसमोर गुडघे टेकले, चकतीचं सांगायला. हे पाप मी चौदाव्या वर्षीच सांगितलं होतं. तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांनी तीन 'नमो मरिये' प्रार्थना म्हणायला लावून मोकळं केलं होतं. तीन! मी लगेच म्हणून टाकल्या आणि तशीच धावत जेवायला गेले. ज्याची माफी झाली ते परत कसं सांगायचं?

फादर म्हणाले, "बोला, मॅडम." मी जेवणावरून मोलकरणीवर चिडल्याचं सांगितलं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

अडचण झाली. एकशे एकोणपन्नासवर ती उंच मुलगी ट्रंक डोक्यावर घेऊन बसच्या रस्त्याने घरी चालली आहे. सहा पानं नुसतं ते चालणं. मी वाचत गेले आणि रेस्टी मध्येच म्हणाली, "थांब. ही घरी का चालली? मागच्या वेळी तर नाटकात होती."

म्हटलं, "मागचा एक भाग वाचायचा राहिला वाटतं, पानं चिकटली होती. सोमवारी वाचते."

"बरं. सोमवारी वाच."

पन्नास वर्षांत तिने मला एकदाही विचारलं नाही की चकती तिथे कशी आली. कधी कधी वाटतं, ती विसरली असेल.

सोमवार, १९ फेब्रुवारी

काल बसून मी एक भाग स्वतः लिहिला. फुलस्केप कागदावर. पुस्तकात ठेवून वाचला. उंच मुलीला टायफॉइड होतो, सिस्टर कोलंबा तिच्या उशाशी गुलाब ठेवतात आणि डोळ्यांत पाणी आणून तिला घरी पाठवतात.

रेस्टीने मला शेवटपर्यंत वाचू दिलं. मग म्हणाली, "टायफॉइड?"

"असं लिहिलंय."

"स्कोलाचा हात इथे बिघडला बघ. निबंध स्पर्धेतलं वाटतंय. गुलाब कुठे होते गं आपल्याकडे? कसावा होता सगळा."

"कादंबरी आहे. काल्पनिक असतं."

"अस्सं." तिने चहा ओतला. कपाच्या काठाला बोट लावून भरते, सांडत नाही. "मग ती मैत्रीण? कव्हरंवाली? ती निरोप द्यायला येते का फाटकापर्यंत?"

मी कागदाकडे बघितलं. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. "येते," मी म्हणाले.

"बरं केलं."

मी गेले नव्हते. जिन्याच्या खिडकीतून बघत होते.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

ऑपरेशननंतर ती स्वतः वाचू शकेल, हे आज दात घासताना डोक्यात आलं. इतके दिवस कसं आलं नाही? पुस्तक उचललं आणि लुतालोकडे गेले. तो वाचलेली पुस्तकं अदलाबदलीला घेतो.

"आवडलं नाही, बाई? एवढी मोठी लेखिका!"

"डोळे दुखतात बारीक अक्षराने. दुसरं काही दे. पाककृतींचं दे."

त्याने पुस्तक घेतलं, कोट पुसला आणि खूश झाला. "बरं झालं आणलंत. परवाच एक मुलगी हेच मागत होती. बँकेतली, नतेतेला राहते. आत्याला पाहिजे म्हणाली, दुसरी प्रत कुठूनही मिळव म्हणाली. आता हीच देतो."

मी ते त्याच्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं. तो "अहो, अहो" करत राहिला. माकीला आत्याला भेट द्यायची असेल, दुसरं काय. बरं झालं वेळेवर कळलं.

गुरुवार, १ मार्च

ब्लेडने कापली. तिन्ही पानं, एकशे पस्तीस ते एकशे चाळीस, अगदी दोऱ्यापर्यंत, दिसू नये म्हणून. चाळीस वर्षं मी मुलांच्या हातावर पट्ट्या मारल्या पुस्तकाचा कोपरा दुमडला म्हणून.

ती पानं जाळायला चुलीजवळ नेली, मग प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. पुन्हा वाचली नाहीत. त्या नऊ फेब्रुवारीलाही मी ती नीट वाचली नव्हती, नुसती नजर पळवली होती. एकशे चौपन्नपुढे पुस्तकात काय आहे तेही मला माहीत नाही. मी पुढे बघणंच सोडलं आहे. रोज जेवढं वाचायचं तेवढंच उघडते, आणि गेले काही दिवस रेस्टीला शिवणाची घाई आहे, ईस्टरला बायका घालतात ते गोमेसी झगे. वाचन बंदच आहे.

रविवार, ४ मार्च

सगळं जसं झालं तसं लिहिते.

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर रेस्टीकडे गेले. माकी गायनवृंदात थांबली होती. घरी आम्ही दोघीच. रेस्टी म्हणाली, "आज पुढचं नको. मागचं वाच. ती ट्रंक घेऊन चालत जाते ते. आवडलं होतं मला."

मी एकशे एकोणपन्नास उघडलं आणि पान हातात आलं. पाठोपाठ दुसरं, तिसरं. घसरून तिच्या मांडीवर पडली.

"काय पडलं गं?"

"पानं. जुनं पुस्तक आहे ना, शिवण उसवली."

तिने ती पानं गोळा केली, सारखी केली, मग पुस्तक मागून घेतलं. कण्यात बोट घातलं. वरून खाली, खालून वर. तिच्या बोटांना काय कळतं ते मला कळायला हवं होतं. अर्ध्या नतेतेचे कपडे तिने शिवलेत.

"दोरा शाबूत आहे," ती म्हणाली. "उसवलं असतं तर दोरा लोंबला असता. हे दुमडून शिवलेलं असतं, लिओ. घडीच्या एका बाजूचं कापलं की दुसऱ्या बाजूचं सुटतं. कापडाचंही तसंच." तिने पुस्तक बंद केलं. "कुठली कापलीस?"

अंगणात शेजारच्या कोंबड्या आल्या होत्या. मी त्यांना हुसकावायला उठले.

"कोंबड्या राहू देत. कुठली?"

"रेस्टी..."

"आहेत का तुझ्याकडे, की जाळलीस?"

पिशवीत प्रार्थनेचं पुस्तक होतं. मी पानं काढली. ती भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले, हात मांडीवर ठेवले, शाळेत सिस्टर गोष्ट वाचायच्या तेव्हा बसायचो तशी. "वाच," म्हणाली.

मी वाचलं. स्कोलाने सगळं बघितलं होतं. मी दार लावल्याचा आवाज, चकतीचा दोरा मी ओढून गुंडाळला ते, उशी थापटून सारखी केली ते. मी त्या मुलीचं बदललेलं नाव दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा माझं वाचलं. "लिओ," असं वाचलं.

शेवटच्या पानावर मला मुळीच न आठवणारं काही होतं. मोठी मुलगी वळते, धाकटीचे डोळे उघडे बघते, तिच्या खाटेशी येते आणि खिशातला साखरेचा खडा तिच्या तोंडात घालते. धाकटी तो विरघळेपर्यंत चोखते आणि पुढे पन्नास वर्षं काही बोलत नाही. स्कोलाने त्या साखरेवर पूर्ण एक पान लिहिलं आहे. म्हणजे तिचंही तोंड बंद करून मी तिला माझ्यासारखंच करून ठेवलं.

वाचून झालं. रेस्टीने लांब केलेले पाय जवळ घेतले. मग म्हणाली, "साखरेचं तिने मला सांगितलं नव्हतं."

मला कळायला वेळ लागला. बाकीचं सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी, याच चटईवर.

"मग तू मला का..." मी म्हणाले.

"टायफॉइड!" ती म्हणाली. "अगं, टायफॉइड! सिस्टर कोलंबा आणि गुलाब! मी तीन आठवडे वाट बघत बसले, म्हटलं आज वाचेल, उद्या वाचेल, आणि तू मला गुलाब आणून दिलेस." ती हसायला लागली. तेच हसणं, प्रार्थनेतलं. मीही हसले असते, पण ती मध्येच थांबली.

"मी शिकवलं असतं, लिओ. चांगलं शिकवलं असतं. तुझ्यापेक्षा चांगलं."

"हो," मी म्हणाले. "माहीत आहे मला."

"माहीत होतं म्हणूनच."

"म्हणूनच."

मी गुडघ्यावर यायला लागले तर ती ओरडली, "ऊठ! माझ्यापुढे नाटकं नकोत. पोरी गुडघे टेकतात नमस्काराला, तू कशाला टेकतेस." मग शांतपणे म्हणाली, "मंगळवारी माकी येईल माझ्याबरोबर. तू येऊ नकोस."

"डॉक्टरांकडे मीच..."

"तू येऊ नकोस."

पुस्तक तिने ठेवून घेतलं नाही. म्हणाली, आता उचल ते. मी सुटी पानं आत घालून घेऊन आले.

मंगळवार, ६ मार्च

आज तिचं ऑपरेशन. मी घरी. मिस्साला गेले नाही. स्वयंपाक केला नाही.

शनिवार, १० मार्च

सकाळी माकी आली. दारातच नेहमीसारखे गुडघे टेकून तिने विचारपूस केली. म्हणजे रेस्टीने तिला सांगितलेलं नाही. मला ते गुडघे बघवेनात, मी तिला हाताला धरून उठवलं.

"डोळा कसा आहे?"

"मस्त! पट्टी काढल्या काढल्या आत्या मला म्हणाली, केवढी जाड झालीस तू. नर्सला म्हणाली, एप्रनची शिवण वाकडी आहे." ती हसली. "मावशी, तुम्ही का नाही आलात? मी विचारलं तर म्हणाली, तिचा पाय दुखतो. अजून दुखतो?"

"दुखतो," मी म्हणाले.

"आत्याने पुस्तक मागितलंय. सगळं, असं म्हणाली. 'सगळं' असंच सांग म्हणाली."

मी कापलेली तीन पानं आणि सुटलेली तीन पानं त्यांच्या त्यांच्या जागी ठेवली. गुलाबांचे ते फुलस्केप कागदही मधेच होते. काढायला हात पुढे केला आणि मग राहू दिले. सगळं म्हणाली आहे. वरून फीत बांधली.

"तू वाचून दाखवणार तिला?"

"कुठली! डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचू नका सांगितलंय, तर म्हणाली थांबेन, पण स्वतःच वाचेन. कुणी वाचायचं नाही." माकीने पुस्तक छातीशी धरलं. "मग मला नुसतं सांगा तरी, मावशी. त्या दोघींचं पुढे काय होतं शेवटी?"

मी म्हटलं, मी तिथपर्यंत वाचलेलं नाही.

ती उतारावरून खाली गेली तोवर मी दारात उभी होते. पंधरा दिवस डॉक्टरांचे, आणि मग रेस्टी वाचते हळूहळू, प्रत्येक ओळीवर थांबून. उरलेली दीडशे पानं. ईस्टर उलटून जाईल. शेवट काय आहे ते तिला आधी कळेल आणि मला सांगायचं की नाही ते ती ठरवेल.